जिथे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत : प्रस्तावना

दाताच्या सगळ्यात वरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, एकही जिवंत पेशी नसते. तिथे रक्त फिरत नाही, कळ नेणारी नसही नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, आणि तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर जुळून येते. एनॅमलला पडलेला खड्डा मात्र आतून भरून येत नाही. दाताची कीड सुरू होते ती नेमकी इथे, जिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना यायला वाटच नाही. त्या पोचतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो, आणि पोचल्यावर त्या जे करतात त्याचाच मोठा वाटा आपण ज्याला दाढदुखी म्हणतो तिच्यात असतो.

हा संबंध शाळेतल्या शिक्षकांना, आशा कार्यकर्त्यांना आणि घराघरांतल्या आयाबायांना समजेल अशा मराठीत मांडणारं पुस्तक हवं होतं. नांदेडात रक्त तपासणीच्या कामात असल्यामुळे त्याची गरज मला रोज दिसते. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याचा, कागद घेऊन माणूस खिडकीशी येतो आणि विचारतो, "सायेब, पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणं, दाढंमुळं आसंल का?" दुसऱ्याच्या तोंडात चार दाढा काळ्या ठिक्कर झालेल्या असतात, पण कागदावर सगळे आकडे नीट, तो म्हणतो, रक्त चांगलं आहे म्हणजे दाताची काळजी नाही. डेंग्यूच्या दिवसांत आणखी घोळ होतो, कारण तेव्हा घरोघर ज्या 'पेशी कमी झाल्या' म्हणून धावपळ चालते त्या प्लेटलेट्स असतात. त्यांचा या पुस्तकाशी संबंध नाही.

पहिल्या माणसाला उत्तर असं आहे : असू शकतं, पण दाढ नुसती किडलेली असेल तर नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. साध्या किडीने हा आकडा हलत नाही. दाताच्या मुळाशी पू धरला, गाल सुजला, ताप आला, तर तो वाढतो आणि त्यातही न्यूट्रोफिल जातीच्या पेशींचं प्रमाण चढतं. मुळाशी वर्षानुवर्षं मुरलेली गाठ असेल तरी बहुतेक वेळा कागद स्वच्छच येतो. म्हणून दुसऱ्या माणसाला सांगायचं ते याहून महत्त्वाचं आहे. रक्ताच्या तपासणीत दाताची कीड दिसत नाही. ती बघायची तर आरसा आणि उजेड घेऊन तोंडातच बघावं लागतं.

पांढऱ्या पेशी काय करतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको. पायात बाभळीचा काटा मोडला, टोक आत राहिलं, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. मग पू धरतो आणि एक दिवस त्या पुवाबरोबर काटा बाहेर येतो. हेच दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नीट समजून घेतलं ते इल्या मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञाने, १८८२ च्या हिवाळ्यात, सिसिलीतल्या मेसिना गावी. त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर हिंडत्या पेशींनी काट्याला वेढा घातला होता. जंतू गिळून टाकणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून आली. १९०८ साली त्याला पाउल एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. पेशींना रंग देऊन त्यांच्या जाती ओळखण्याची जी पद्धत आजही आमच्या टेबलावर चालते, तिचा पाया या एर्लिखनेच घातला.

जबड्यातल्या गळवाच्या पुवाचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन पाहिला तर सारं क्षेत्र न्यूट्रोफिलनी भरलेलं दिसतं. प्रत्येक पेशीचं केंद्रक जांभळं, तीन ते पाच खंडांचं. खंडांना जोडणारा धागा केसाहून बारीक. भोवती फिकट गुलाबी द्रव्यात बारीक कण. धडधाकट रक्तात या पेशी अगदी रेखीव असतात. पुवात मात्र निम्म्याअधिक फुटलेल्या, केंद्रक विरघळून डाग झालेला, कण सांडून गेलेले. काही पेशींच्या पोटात साखळीने लागलेले गोल जंतू अजून ओळखू येतात. ज्याला आपण पू म्हणून किळस करतो तो बहुतांशी आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशींचा गाळ आहे. हाडांतल्या मज्जेत दर दिवशी अशा काही हजार कोटी पेशी तयार होतात आणि रक्तात आल्यावर त्यांचं फिरणं एखादा दिवसही टिकत नाही.

आता काट्याची गोष्ट दाताला लावून बघा, म्हणजे फरक कळेल.

त्यासाठी आधी कीड म्हणजे काय ते पाहायला हवं, आणि हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये कृमिदंताचा उल्लेख आहे. आपल्या खेड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घ्यायची आणि किडे पडले म्हणून दाखवायचं, हे अजून ऐकू येतं. जत्रेत दातातला किडा काढून देणारे भेटतात. ज्यांना रात्रभर झोप नव्हती त्यांनी अशा माणसापुढे बसावं यात मला नवल वाटत नाही. मात्र दातात डोळ्यांना दिसेल असा किडा कधीच नसतो. १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने खरं कारण मांडलं. उपटलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले, तर ते विरघळू लागले. लाळेत मांस घातलं तर तसं झालं नाही. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचं खनिज ओढून घेतं. १९२४ साली किलियन क्लार्क या इंग्रज संशोधकाने किडक्या दातांतून जो जंतू वेगळा केला, त्याला आपण स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स म्हणतो. या कामातला तो एकटा नाही, पण फार जोरकस आहे.

आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर साधारण ५.५ च्या खाली गेलं की एनॅमल झिजू लागतं. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दाताला चिकटलेल्या थरात हा टप्पा येतो, आणि लाळ तो पूर्वपदावर आणते तोवर अर्धा-पाऊण तास जातो. इथे आमच्या भागातलं चहाचं वळण आठवतं. सकाळी उठल्यावर अर्धा कप, शेतात निघताना अर्धा, कुणी आलं म्हणून अर्धा, पोरांना त्यात बुडवून बिस्किटं किंवा टोस्ट. एकूण साखर फार नसते, पण लाळेला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथे १९४५ पासून काही वर्षं जो प्रयोग झाला त्याने हेच दाखवलं : जेवणाबरोबरच्या साखरेने कीड थोडीच वाढली, जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या दिल्यावर ती भराभर वाढली. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर केला गेला. त्यांचे दात जाणूनबुजून खराब केले गेले. त्याचा निष्कर्ष वापरताना ही गोष्ट दडवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही, आणि या पुस्तकात ती दडवलेली नाही याचं समाधान आहे.

या सगळ्या काळात पांढऱ्या पेशी रक्तात आपल्या जागी फिरत असतात. दाताच्या पृष्ठभागावर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग असतो तेव्हा तो लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड यांच्या जोरावर भरूनही येऊ शकतो. दुखत नाही म्हणून तो कुणी पाहत नाही, एवढीच अडचण.

कीड एनॅमल ओलांडून आतल्या दंतिनात उतरली की प्रसंग बदलतो. दंतिनात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या मऊ गाभ्यापर्यंत जातात. गाभ्याच्या कडेला दंतिन घडवणाऱ्या पेशींची रांग असते. जंतू अजून लांब असतानाच त्यांच्या आम्लाची आणि विषांची चाहूल या पेशींना लागते. त्या आतून नवं दंतिन घालून भिंत जाड करू पाहतात आणि रासायनिक हाका देऊन पांढऱ्या पेशींना बोलावतात. गाभ्यात रक्तवाहिन्या आहेत, त्यामुळे इथे पहिल्यांदा त्या येऊ शकतात. पायातल्या काट्याभोवतीचं मांस सुजून जागा करून देतं. दाताचा गाभा चारी बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला आहे आणि रक्ताला येण्याजाण्याची वाट मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातूनच आहे. सूज येते पण फुगायला जागा नाही. आतला दाब वाढतो, नस चेपते. रात्री आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून ठणका रात्रीच जास्त. कान, कपाळ, अर्धं डोकं धरतं.

मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. घरातले म्हणतात, लवंगेच्या तेलाने गुण आला. खरं तर बहुतेक वेळा गाभा मेलेला असतो. नस मेली, रक्तवाहिन्या मेल्या, आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशींचा आत यायचा रस्ताही बंद झाला. आता मुळाच्या नळीत जंतू निर्धास्त राहतात. पांढऱ्या पेशी मुळाच्या टोकाबाहेर, जबड्याच्या हाडात थांबून त्यांना अडवतात. ही गाठ महिनोन्महिने गप्प बसते. कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट पू तोंडात येतो, पुन्हा भरते. तोल बिघडला की गाल सुजतो, जबड्याखाली अवधाण येतं आणि माणूस मेडिकलवर जातो.

तिथे गोळ्या मिळतात आणि दोन दिवसांत सूज उतरते, म्हणून गोळ्यांवरचा विश्वास पक्का होतो. पुस्तकात या मुद्द्यावर अख्खं प्रकरण दिलं आहे ते योग्यच आहे. प्रतिजैविक औषध रक्तातूनच जातं. जिथे रक्त जात नाही तिथे पांढरी पेशी जात नाही, तसं औषधही जात नाही. दाताबाहेरची सूज त्याने शमते, नळीतले जंतू तसेच राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. रूट कॅनाल करून नळी साफ करून भरणं किंवा दात काढणं, हेच खरे उपाय. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो या भीतीने कितीतरी लोक पुवाची दाढ वर्षानुवर्षं सांभाळतात. दात काढण्याचा आणि नजर जाण्याचा संबंध नाही. उलट वरच्या दातातला पू पसरत गेला तरच डोळ्याच्या खोबणीला आणि मेंदूला धोका असतो.

शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हटलेलं असतं. मुलांना ते पटकन कळतं, पण त्यातून अर्धीच गोष्ट कळते. न्यूट्रोफिल जंतूला मारतो तो तीव्र विकरं आणि ऑक्सिजनची जळजळीत संयुगं सोडून, आणि ती आपलं-परकं पाहत नाहीत. २००४ साली असंही दिसून आलं की ही पेशी मरताना आपलाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्यात जंतू अडकवते. २०१९ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाचे न्यूट्रोफिल दंतिनावर आणि दातात भरायच्या रेझिनवर ठेवले, तर दोन्हींचा थोडाथोडा ऱ्हास झालेला आढळला. कीड जंतूंच्या आम्लानेच सुरू होते, यात या शोधाने बदल होत नाही. पण खनिज निघून उघड्या पडलेल्या दंतिनाच्या तंतूंवर, आणि भरलेल्या सिमेंटच्या कडेला, हिरडीतून आलेल्या या पेशींचाही हात फिरत असावा, असं मानायला त्याने आधार मिळाला. भरलेला दात पुन्हा कडेनेच का किडतो, या जुन्या प्रश्नाकडे त्यामुळे वेगळ्या नजरेने बघता येतं.

हिरडीतून आलेल्या पेशी म्हटलं ते सहज नाही. दात आणि हिरडी यांच्या मधल्या बारीक फटीतून निरोगी तोंडातही मिनिटाला तीसेक हजार पांढऱ्या पेशी बाहेर येत असतात. दाताच्या माथ्यावर त्यांचं राज्य नाही, पण या फटीवर त्यांचा चोवीस तास पहारा आहे. म्हणूनच ज्यांच्यात जन्मतः या पेशी कमी असतात किंवा रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत, अशा मुलांच्या हिरड्या आधी जातात, तोंडात फोड येतात, धड दिसणारे दात हलून पडतात. मधुमेहात पेशींची संख्या पुरेशी असूनही साखर वाढलेल्या रक्तात त्या मंदावतात. हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडीची सूज पुन्हा साखर आटोक्यात येऊ देत नाही. 'शुगर' असलेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळे आणि पाय दाखवावेत हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे. तोंड दाखवावं हे अजून नाही. आमच्याकडच्या बायका हिरड्या दुखतात म्हणून मिसरी लावतात. भाजलेल्या तंबाखूने हिरडीतला रक्तपुरवठा आवळतो, रक्त येणं थांबतं, आणि आजार आत वाढत राहतो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी गुटख्याने तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही अशी तरुण मुलं दिसतात. त्यांची मागची दाढ किडली तर तिथवर दंतवैद्याचं उपकरणच पोचत नाही. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घ्यायची वेळ आली तर लाळ सुकते आणि उरलेले दात काही महिन्यांत किडतात. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि मुळाशी गप्प बसलेली जुनी गाठ तेव्हा जिवावर उठते. उपचारांआधी दात तपासून घेतात ते याच कारणाने. 'आधी दात दाखवून या' असं सांगितल्यावर लातूरच्या कर्करोग रुग्णालयाच्या दारातून वैतागून परतणाऱ्या नातेवाइकाला पुस्तकातलं यावरचं प्रकरण वाचायला द्यावं.

किनवट भागाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. मराठवाडा बहुतांशी काळ्या बेसॉल्टवर वसला आहे, पण नांदेडच्या पूर्व कडेला तो खडक संपून जुना ग्रॅनाइट लागतो आणि तिथल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असं पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्के दात घडतानाच बिघडतात. त्यांच्यावर खडूसारखे पट्टे, पुढे तपकिरी डाग येतात. हे डाग कीड नव्हेत. त्यात जंतू नाहीत, पांढऱ्या पेशींचा संबंध नाही, आणि घासून ते जात नाहीत. योग्य प्रमाणातलं फ्लोराइड दाताला राखतं आणि जादा झालेलं बिघडवतं. म्हणून लहान मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्यावी आणि ती त्याला गिळू देऊ नये, ही सूचना या भागात दुप्पट लागू आहे. डाग असलेल्या मुलींना लग्नाच्या बोलण्यात 'दात किडके' म्हणून नाकारलं जातं, त्यासाठी तरी शिक्षकांनी हा फरक वर्गात सांगावा.

उपचारांची सोय म्हणाल तर लातूरला दंत महाविद्यालय आहे. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पण किनवटच्या माणसाला नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर पडतं, त्यापेक्षा तेलंगणातलं आदिलाबाद जवळ. देगलूर-उदगीरकडचे लोक बिदरला जातात. हे अंतर एका प्रसंगी फार महाग पडतं. खालच्या मागच्या दाढेतला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरला की गळा लाकडासारखा घट्ट होतो, जीभ वर ढकलली जाते, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलतो. १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टराने याचं वर्णन केलं. श्वास काही तासांत बंद पडू शकतो. अशा वेळी सीबीसीचा कागद यायची वाट बघू नये आणि गोळीने उतरतं का तेही बघू नये; गाडी काढावी आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं, मग ते राज्याच्या हद्दीपलीकडे असलं तरी.

पुस्तकाचा शेवटचा भाग पहिलीच्या वर्गासाठी आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगाचा. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते, वर दोन, खाली दोन. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तर 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत ब्रशचा केस शिरत नाही, आणि कीड तिथेच आधी बसते. देशात २००२-०३ मध्ये झालेल्या मौखिक आरोग्य पाहणीत १२ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना कीड आढळली होती. खाचा भरून घेणं दहा-पंधरा मिनिटांचं, न दुखणारं काम आहे. कीड लागलीच असेल तर ती जागच्या जागी थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं औषध २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आलं आहे; त्याने किडलेली जागा काळी पडते, हे पालकांना आधी सांगावं. शिक्षकाने जून महिन्यात मुलाला उजेडाकडे तोंड करून 'आ' करायला लावावं आणि प्रत्येक बाजूला मागून पहिली दाढ बघावी. ती नुकती वर येत असेल, तर तिच्या खाचा अजून स्वच्छ असतील.